खांबांपाशी

आंद्रित्सेना गावातून निघालेला रस्ता डोंगराच्या कडेकडेने चौदा किलोमीटर वर चढत जातो. ओकची विरळ झाडी, मध्येच घंटा वाजवत आडवा येणारा शेळ्यांचा कळप, खाली दरीत अडकलेला ढग. टॅक्सीवाला साठीचा, मितभाषी. कुठे जायचं ते सांगताना मी पुस्तकातलं नाव घेतलं होतं : बासाय, अपोलो एपिकुरिओसचं मंदिर. त्याने मान डोलावली आणि तेच आपल्या शब्दांत म्हटलं, "स्तूस स्तीलूस." म्हणजे खांबांपाशी. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या जागेला एवढंच म्हणत आली आहेत. पूजा थांबली, देवाचं नाव विसरलं, पूजा करणाऱ्यांचं नगर ओस पडलं. खांब तेवढे उभे राहिले आणि जागेला त्यांचंच नाव पडलं.

शेवटच्या वळणावर मात्र खांब दिसलेच नाहीत. दिसला तो तंबू. करड्या खडकाळ डोंगरावर पांढऱ्या कापडाचा, टोकाटोकांनी वर ताणलेला, पोलादी खांबांवर आणि जाड तारांवर तोललेला अवाढव्य तंबू. समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटर उंचीवर, जिथे पुढेमागे एकही घर नाही, तिथे तो असा बसला होता की एखाद्या मोठ्या जहाजाची शिडं डोंगरावर येऊन अडकली असावीत. तो १९८७ साली उभारला, तात्पुरता म्हणून. माझ्या पुढे दोन युरोपीय प्रवासी होते. दहा मिनिटांत ते परत गाडीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला कळली. निळं आकाश, खाली हिरवी दरी आणि मधे एकाकी उभं ग्रीक देऊळ, हे चित्र दोनशे वर्षं युरोपातल्या चित्रकारांनी रंगवलं. ते पाहायला कुणी अर्धा दिवस घाट चढून यावं आणि समोर कापड दिसावं! पण मी तिथे तीन तास थांबले, आणि मला तो तंबू काढायला नको आहे.

मी इथवर का आले, ते आधी सांगते.

दुसऱ्या शतकात पौसानिअस नावाच्या गृहस्थाने ग्रीस पायाखाली घातला आणि जे जे पाहिलं ते लिहून ठेवलं. बासायबद्दलही त्याने लिहिलं आहे. दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या सगळ्या देवळांत, दगडाच्या देखणेपणाने आणि रचनेच्या मेळाने, तेगेआचं देऊळ सोडलं तर हे पहिलं. छप्परसुद्धा दगडी. बांधणारा इक्तिनोस, म्हणजे अथेन्सचं पार्थेनॉन ज्याच्या हातून झालं तोच. आणि देवाचं नाव एपिकुरिओस का? तर फिगालिया, म्हणजे हे देऊळ ज्यांचं ते नगर, तिथल्या लोकांवर साथीचं संकट आलं तेव्हा हा त्यांच्या मदतीला धावून आला, म्हणून.

'एपिकुरिओस' म्हणजे मदतीला येणारा. मराठीत याला वेगळा शब्द शोधावा लागत नाही. आपण देवाचा धावा करतो आणि तो धावून येतो. माझ्या आजोळी वेशीबाहेर मरीआईचं ठाणं आहे, शेंदूर फासलेला एक दगड. पटकीची साथ आली की गाव तिच्याकडे जायचं. आजी ते सांगायची तेव्हा आम्हा मुलांना ती फार जुन्या काळातली गोष्ट वाटे. मग २०२१ चा एप्रिल आला. मावशी आठ दिवसांत गेली, आणि तिच्याकडे धावून जाणंही आम्हाला जमलं नाही. घराचं दार लावून फोनपाशी बसून राहिलो. त्या उन्हाळ्यात पौसानिअसचं ते वाक्य माझ्या वाचनात आलं. साथ संपल्यावर जगलेल्या माणसांनी डोंगरावर दगड वाहून नेले आणि देवाचं ऋण फेडलं. ते दगड एकदा डोळ्यांनी पाहावेत, एवढं मनात धरलं.

पुढे वाचत गेले तसं कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. पौसानिअस म्हणतो ती साथ पेलोपोनीजच्या युद्धाच्या वेळची, अथेन्सला ग्रासणारी. पण त्या साथीत स्वतः आजारी पडून वाचलेला इतिहासकार थुसिडिडीज लिहून गेला आहे की पेलोपोनीजमध्ये ती म्हणावी तशी शिरलीच नाही. मग हा देव कुणाच्या मदतीला आला? अभ्यासकांचं बोट दुसऱ्या अर्थाकडे जातं. 'एपिकुरोस' म्हणजे मदतीला आलेला सैनिक, पुढेपुढे पगारी सैनिक. इथला आर्केडिया हा सगळा डोंगराळ, खडकाळ मुलूख. शेती बेताची, शेळ्यामेंढ्या, आणि हाताशी आलेली पोरं दुसऱ्यांच्या लढाया लढायला बाहेर. इथल्या उत्खननात छोट्या छोट्या धातूच्या ढाली, चिलखतं सापडली, बाहुलीला घालावीत एवढी. ती देवाला वाहिलेली. या जागी पहिलं देऊळ झालं ते इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, म्हणजे त्या साथीच्या दोनशे वर्षं आधी. तेव्हा धावून येणारा देव हा कदाचित शिपाईगिरीला गेलेल्या पोरांच्या पाठीशी उभा राहणारा देव असावा. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या, घराघरांतून फौजेत माणूस धाडणाऱ्या गावांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. मला स्वतःला दोन्ही अर्थ खरे वाटतात. ज्याच्याकडे पोराच्या सुखरूप परतीचा नवस बोलायचा, साथीतही त्याच्याचकडे जायचं.

आज दिसतं ते देऊळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीचं, साधारण ४२० ते ४०० च्या दरम्यान बांधून झालेलं.

तंबूच्या आत शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. कापडातून गाळून आलेला, सगळीकडे सारखा. कशाचीच सावली पडत नाही. डोरिक खांबावर वरपासून खालपर्यंत वीस उभ्या पन्हळी असतात. त्या उन्हासाठी कोरलेल्या. ऊन फिरतं तशी त्यांतली सावली सरकते आणि खांब गोल, भरीव दिसतो. इथे ती सावली नाही. त्यामुळे खांबाचा आकार जरा विझल्यासारखा होतो आणि दगड पुढे येतो. हात लावायला मनाई, म्हणून मी दोरीला टेकून जेवढं जवळ जाता येईल तेवढी गेले. स्थानिक चुनखडीचा करडा दगड. त्यात गुलाबीसर शिरा. पन्हळीच्या कडा एके काळी सुरीच्या पात्यासारख्या असणार. आता त्या कुरतडलेल्या भाकरीच्या कडेसारख्या झाल्या आहेत. मधूनमधून सुपारी बसेल एवढे खळगे. आणि आडव्या भेगा, केसाएवढ्या बारीक, काही मात्र नाणं सरकवता येईल अशा. एका भेगेजवळ पेन्सिलीने बारीक आकडे आणि एक रेघ होती. कुणीतरी ती भेग किती सरकते त्यावर लक्ष ठेवून आहे.

याच भेगांपायी तंबू आला. चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात विरघळतो, अगदी सावकाश, पण विरघळतोच. भेगेत पाणी शिरतं. हिवाळ्यात या उंचीवर बर्फ पडतं, भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि दगडाला आतून फाडतं. त्यात हा भूकंपाचा मुलूख. आणि खालची जमीन सगळीकडे एकसारखी घट्ट नाही, त्यामुळे जोतं कुठे कुठे खचलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०२ ते १९०८ या काळात, ग्रीक पुरातत्त्व मंडळाने पडलेले खांब आणि भिंतींचे चिरे पुन्हा जागेवर बसवले. तेव्हा देऊळ उभं राहिलं, दुखणं मात्र तसंच राहिलं. १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ग्रीसमधली पहिली जागा म्हणून बासायचं नाव गेलं, अक्रोपोलिसच्याही एक वर्ष आधी, आणि पुढल्याच वर्षी त्यावर हे कापड ताणलं गेलं. आधी पाणी थांबवा, मग बाकीचं बघू. खांबांभोवती लाकडी आणि लोखंडी आधार बांधले आहेत. उत्तरेच्या बाजूचं काम आधी हाती घेतलं. पायापर्यंत जाऊन, दगडाचा एकेक थर सोडवून, जिथला तिथे परत.

देऊळ मोठं नाही. साधारण ३८ मीटर लांब, साडेचौदा मीटर रुंद. समोर सहा खांब, बाजूला पंधरा, बाहेरचे सगळे मिळून अडतीस. मुंबईत टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीत गेलेल्या प्रत्येकाने असे डोरिक खांब पाहिलेले आहेत : भरदार, बिनबैठकीचे, डोक्यावर साधी उशी. पण इथलं देऊळ चारचौघांसारखं वागत नाही. बहुतेक ग्रीक देवळं पूर्वेकडे तोंड करतात. हे उत्तरेकडे पाहतं. मात्र गाभाऱ्याच्या पूर्वेच्या भिंतीत एक दार ठेवलेलं आहे. सकाळचं ऊन त्या दारातून आत शिरून देवाच्या मूर्तीवर पडावं, असा एक तर्क. कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवात उन्हाची तिरीप पावलांपासून वर चढताना पाहिलेल्या माणसाला हा तर्क पटायला वेळ लागत नाही, पण तो तर्कच आहे.

गाभाऱ्यात बाहेरचा साधेपणा संपतो. आत दोन्ही भिंतींतून आखूड आडभिंती पुढे येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक आयोनिक खांब, वळ्यावळ्यांच्या शीर्षाचा. आणि या रांगांच्या शेवटी, अगदी मध्यभागी, एकच वेगळा खांब होता. त्याच्या डोक्यावर पानांची टोपली. पुढे रोमन लोकांनी जगभर नेलेला कोरिंथियन खांब तो हाच, आणि माहीत असलेल्या सगळ्या इमारतींतला हा सर्वांत जुना. त्याचं शीर्ष आता नाही. एकोणिसाव्या शतकात काढलेली चित्रं आणि काही तुकडे, एवढंच हाती आहे.

तो एकटा खांब जिथे होता तिथे मी बराच वेळ पाहत राहिले. काही अभ्यासक म्हणतात, मूर्ती मागे बाजूला असेल, पण हा खांब हाच देवाची खूण होता. मूर्तीच्या आधी कित्येक ठिकाणी अपोलोला खांबाच्या रूपात पुजत. यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण पंढरपूरला गरुडखांबाला मिठी मारल्याशिवाय वारकरी पुढे सरकत नाही, हे पाहत वाढलेल्या मला खांबात देव असणं अजिबात परकं वाटलं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांबही आठवले. तिथल्या काही खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावं आहेत, आणि पुढे प्राकृतात 'थभो' म्हणजे खांब दान दिल्याची नोंद. यवन म्हणजे मुळात आयोनियन ग्रीक. पुढे तो शब्द सैलावत गेला, त्यामुळे ते दाते रक्ताने कोण होते ते कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण धर्मकार्यात एक खांब आपल्या नावाचा असावा, ही इच्छा त्यांना आमच्या मावळात सुचली.

या आयोनिक खांबांच्या माथ्यावरून, गाभाऱ्याच्या चारही बाजूंनी आतल्या अंगाला, संगमरवराचा शिल्पपट्ट फिरलेला होता. तेवीस शिळा, एकतीस मीटर लांब. तो मी इथे येण्याआधी पाहिला होता, लंडनला, ब्रिटिश म्युझियमच्या सोळा क्रमांकाच्या छोट्या दालनात. तो तिथे कसा पोचला ती कथा मोठी आहे.

१७६५ मध्ये योआकिम बोशेर नावाचा फ्रेंच वास्तुरचनाकार फिरत फिरत इथे पोचला आणि युरोपला या देवळाची पुन्हा खबर लागली. बोशेर दुसऱ्यांदा यायला निघाला तो वाटेतच मारला गेला. मग १८११ मध्ये इंग्रज कॉकरेल, जर्मन हालर फॉन हालरश्टाइन आणि त्यांचे मित्र इथे मुक्काम ठोकून राहिले. देऊळ मोजत, चित्रं काढत. एके दिवशी ढासळलेल्या दगडांतून एक कोल्हा उठून पळाला. कॉकरेलने त्याच्या बिळात वाकून पाहिलं तर आत संगमरवरावर कोरलेला माणूस आणि सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, झुंजत होते. त्यांनी ते पुन्हा झाकलं आणि परवानगी मिळवायला गेले. मुलूख तेव्हा उस्मानी राज्यात, सुभेदार वेली पाशा. निम्म्या वाट्याच्या बोलीवर त्याने परवानगी दिली, १८१२ च्या उन्हाळ्यात खणून सगळा पट्ट बाहेर काढला, आणि पाशाने आपला वाटा चारशे पौंडांना विकून टाकला. शिळा डोंगर उतरून समुद्रापर्यंत आल्या, तिथून झांटे बेटावर. १८१४ मध्ये तिथे लिलाव झाला, ब्रिटिश सरकारने घेतल्या.

मला या माणसांबद्दल एकच एक मत देता येत नाही. त्यांनी नेलं, हे खरं. पण ज्या कोरिंथियन शीर्षाबद्दल मी वर लिहिलं ते त्यांच्या वह्यांमुळेच आपल्याला माहीत आहे. त्यांच्यातल्याच श्टाकेलबेर्गने १८२६ मध्ये या देवळावर ग्रंथ काढला. कॉकरेलने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला १८६० मध्ये, जवळपास पन्नास वर्षं ते काम मनात वागवून. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाची इमारत त्याची. तिच्या खांबांना त्याने बासायच्या आतल्या खांबांची शीर्षं दिली. हालर ग्रीसमध्येच, थेसलीत, १८१७ मध्ये वारला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

लंडनच्या दालनात शिळा डोळ्यांच्या जवळ आहेत. एका शिळेवर केनेउस. त्याला शस्त्राने जखम होत नाही असा वर, म्हणून दोन सेंटॉर भला मोठा धोंडा त्याच्या डोक्यावर हाणून त्याला जिवंतपणी जमिनीत ठोकताहेत. कमरेपर्यंत तो गेलेला आहे. दुसरीकडे एक बाई मूर्तीला मिठी मारून आसऱ्याला आली आहे आणि सेंटॉर तिचं वस्त्र ओढतो आहे. आणि एका शिळेवर, या सगळ्या झोंबाझोंबीत, हरणं जुंपलेल्या रथातून अपोलो आणि आर्टेमिस येताहेत. मदतीला. आता ही शिळा नेमकी कुठे होती, दारासमोर की कोपऱ्यात, यावर वाद आहे, कारण सापडताना सगळ्या शिळा ढिगाऱ्यात विखुरलेल्या होत्या. आणि मूळ जागी त्या जवळपास सात मीटर उंचीवर, छपराखालच्या अंधुक उजेडात असणार. केनेउसचा चेहरा जमिनीवरून कुणाला दिसला असेल? बासायला मान वर करून मी त्या उंचीचा अंदाज घेतला. तिथे आता काही नाही. वर पांढरं कापड आणि एक तार.

देवळाभोवती मी दोनदा फिरले. दुसऱ्या फेरीत माझ्या डोक्यात घरचीच देवळं होती, त्यामुळे ते बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा पुण्याचा शब्द आहे. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावोगावी त्याचा अर्थ काय झाला ते मी पाहिलं आहे. आठशे वर्षांच्या हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट. गाभाऱ्यात बाथरूमच्या फरश्या. खांबावरच्या कीर्तिमुखाच्या जबड्यातून गेलेली विजेची नळी. पुढे सिमेंटचा सभामंडप आणि त्यावर देणगीदारांची नावं. चुना न वापरता, नुसत्या घडाईवर एकात एक बसवलेले चिरे सिमेंटने लिंपून टाकलेले. त्यात श्रद्धा असते, मी ती नाकारत नाही. लोक पोटाला चिमटा काढून वर्गणी देतात. आमच्या देवळात दिवा लागतो आणि बासायला सोळाशे वर्षं लागलेला नाही, हा फरक मला कळतो. तरीही, जिथे देव उरला नाही, भक्त उरला नाही, तिथे केसाएवढ्या भेगेशेजारी पेन्सिलीने रेघ ओढणारा माणूस आहे, आणि जिथे रोज आरती होते तिथल्या खांबाला खिळा ठोकताना हात थांबत नाही, हे पाहून पोटात तुटतं. इथे जीर्ण आहे ते जीर्णच ठेवून त्याचा उद्धार चालला आहे.

तंबूच्या बाहेर दक्षिणेच्या बाजूला खडकावर बसून डबा खाल्ला. दगडांच्या फटीतून कुठली तरी करडी, सुवासिक झुडपं उगवलेली. समोर लिकायॉनचा डोंगर. त्याच्या माथ्यावर झ्यूसची वेदी; याच मुलखात शेळीच्या पायांचा देव पान जन्मला असं म्हणत. फिगालिया इथून चाळीस स्टेडियम, म्हणजे सातआठ किलोमीटर. पौसानिअस इकडे आला तो मुळात या देवळासाठी नव्हे. फिगालियाजवळच्या एका गुहेत काळी डिमीटर देवी होती, घोड्याच्या तोंडाची. तिच्यासाठी मुद्दाम आलो, असं तो लिहितो. आणि ती मूर्ती त्याला मिळाली नाही, कधीच नष्ट झालेली. अपोलोची बारा फुटी ब्राँझची मूर्तीसुद्धा त्याच्या कितीतरी आधी इथून मेगालोपोलिसला नेलेली. म्हणजे तोही रिकामं देऊळच पाहत होता.

मोठ्या घडामोडींपेक्षा मला इथली एक लहानशी वस्तू जास्त लक्षात राहिली आहे. ब्राँझचा पातळ पत्रा, देवळाला वाहिलेला. त्यावर कोरलं आहे की क्लेनिस नावाच्या माणसाने आपल्या तीन गुलामांना मुक्त केलं. पुढे कुणी त्यांना हात लावला तर त्याची मालमत्ता अपोलोची, पानची, आर्टेमिसची होईल. कागद नव्हता, कचेरी दूर होती. म्हणून त्या तिघांच्या सुटकेला डोंगरावरचे देव साक्षीला ठेवले. घरी परतल्यावर रात्री दाराशी पाऊल वाजलं की त्यांना भीती वाटत असेल, आणि मग आपलं नाव या डोंगरावर लिहिलेलं आहे हे आठवत असेल. धावून येणारा देव त्यांच्यापुरता हा असा.

चार वाजता वारा सुटला. तंबूचं कापड आधी कुजबुजल्यासारखं आणि मग शिडासारखं फडफडू लागलं, तारा कण्हल्या. तिकिटाच्या खोलीतल्या बाई छत्री घेऊन बाहेर आल्या, आभाळाकडे बोट केलं आणि मला खुणेने चला म्हणाल्या. टॅक्सीवाला येऊन थांबलाच होता.

आंद्रित्सेनाला चौकात १७२४ सालचं दगडी पाणवठ्याचं कारंजं आहे, त्यावर चिनार. गाव लहान, पण इथे हजारो दुर्मीळ पुस्तकांचं ग्रंथालय आहे. पॅरिसमध्ये राहणाऱ्या निकोलोपुलोस नावाच्या विद्वानाने, आपल्या वडलांचं गाव म्हणून, १८३८ मध्ये आपला सगळा संग्रह इकडे धाडला. ते दुसऱ्या दिवशी पाहायचं ठरवून खोलीवर आले. जेवण झालं आणि पावसाला तोंड फुटलं. डोंगरातला ऑक्टोबरचा पाऊस, आधी चार थेंब आणि मग एकदम कोसळणारा. खिडकीच्या पन्हळीतून पाणी धो धो वाहू लागलं. मी दिवा मालवून ऐकत पडले. वर, खांबांपाशी, तो आता कापडावर ताशासारखा वाजत असणार, आणि पाणी तंबूच्या उतारावरून बाहेरच्या खडकांवर पडत असणार. आत खांब अंधारात कोरडे उभे असतील.